मदत हवी आहे: प्रोसेसर आणि कूलर बदलल्यापासून पीसी तापतोय, रेंडर चालू असताना स्पीड एकदम ०.५५ गिगाहर्ट्झवर पडतो

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला लागू नये.

माझं अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे. पीसीमध्ये आधी रायझन ५ २६०० प्रोसेसर होता, त्याच्यासोबत आलेल्या छोट्या कूलरवरच चालायचा आणि तक्रार काहीच नव्हती. पण आता कॅमेरावाले १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज देतात, ते माझ्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाला हार्डवेअरमध्ये डिकोड करता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडकत राहते. म्हणून रायझन ७ ५८००एक्स घेतला, आणि त्याच्यासोबत बॉक्समध्ये कूलर येत नाही म्हणून १२० एमएम फॅनचा, चार हीटपाइपवाला टॉवर कूलर पण घेतला. बोर्ड जुनाच आहे, बी४५० मायक्रो-एटीएक्स, बायॉस आधी अपडेट करून घेतलं. केसला पुढे दोन फॅन, मागे एक.

आता प्रॉब्लेम असा की एक्सपोर्ट लावला की पहिली काही मिनिटं सगळे कोर ४.४ च्या आसपास छान चालतात, टेम्परेचर ८२ ते ८५, आणि मग अचानक सगळेच्या सगळे कोर ०.५५ गिगाहर्ट्झवर येतात, माउससुद्धा अडकतो, काही सेकंदांनी परत वर जातात, परत पडतात, आणि हे असं शेवटपर्यंत चालतं. या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे ना, मग ८५ला असं का व्हावं? सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी टेस्ट) दहा मिनिटं लावलं तरी हेच.

काय काय केलं ते सांगते. कूलर काढून पेस्ट बघितली, सगळीकडे सारखी पसरली होती, तरी पुसून नवीन लावली, चारही स्क्रू तिरपे तिरपे करत थोडे थोडे आवळले. फॅनची दिशा बरोबर आहे, हवा मागच्या बाजूला जाते. केस ब्लोअरने साफ केली. ग्राफिक्स कार्ड ७० च्या वर जात नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे बाजूचं पॅनल काढून टेबल फॅन लावला की स्पीड पडणं पूर्ण बंद होतं, पण प्रोसेसरचं टेम्परेचर मात्र जेमतेम चार-पाच डिग्रीच उतरतं! म्हणजे तापतंय तरी नेमकं काय?

दुकानदार म्हणतात हा कूलर पुरत नाही, २४० एमएमचा लिक्विड कूलर घ्या. लग्नसराई चालू आहे, लोकांना तारखा दिल्यात, पैसे घालायची तयारी आहे पण त्याने प्रश्न सुटणार असेल तरच. कृपया सांगा.

प्रतिसाद
ताई, मे महिना आहे, बाहेर ४४-४५ असेल तर खोलीत किती असेल? हवेवर चालणारा कुठलाही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. खोली दहा डिग्रीने गरम तर आतलं सगळंच साधारण तेवढंच वर. दुपारी एक्सपोर्ट लावू नका, रात्री लावून बघा.

धागाकर्ती
दुपारी खोलीत ३७ असतं. रात्री लावून बघितलं, थोडं उशिरा सुरू होतं पण होतंच.

प्रतिसाद
लिक्विड कूलर अजिबात घेऊ नका, आधी हे वाचा. एचडब्ल्यूइन्फो (टेम्परेचर वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सेन्सर्समध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे तापल्यामुळे स्पीड कमी केल्याच्या, तीन ओळी दिसतील: एचटीसी, प्रोचॉट सीपीयू (या दोन प्रोसेसर स्वतः तापल्याच्या) आणि प्रोचॉट एक्स्ट (बाहेरून आलेल्या सिग्नलची). स्पीड पडतो त्या वेळी कुठल्या ओळीत 'येस' येतं ते सांगा. आणि प्रोसेसर आणि मागच्या यूएसबी पोर्टांच्या मधे जे चौकोनी ठोकळे (चोक, म्हणजे कॉइल) आहेत, त्यांच्या शेजारी हीटसिंक बसवलंय की चिपा उघड्याच आहेत?

धागाकर्ती
फक्त प्रोचॉट एक्स्टला येस येतं, बाकी दोन्ही नो. हीटसिंक नाहीये, छोट्या काळ्या चिपा उघड्याच दिसतात. आणि त्याच यादीत 'व्हीआरएम मॉस' असं एक आहे, ते ११२ दाखवतंय. हे काय आहे?

प्रतिसाद
मग सापडलं. तापतोय तो प्रोसेसर नाही, त्याला करंट पुरवणारा बोर्डवरचा व्हीआरएम; 'व्हीआरएम मॉस' म्हणजे त्याच उघड्या चिपांचं टेम्परेचर. तो फार गरम झाला की बोर्ड बाहेरून प्रोसेसरला सिग्नल देतो आणि प्रोसेसर एकदम तळाला जातो, ०.५५ हा त्याचाच आकडा.

आता बदलल्यावरच का झालं? दोन गोष्टी एकत्र आल्या. २६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढायचा, ५८००एक्स १४२ पर्यंत जातो, आणि चिपांमधली बरीचशी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दीडपट तर उष्णता दुपटीच्याही वर. दुसरं म्हणजे तुमचा जुना कूलर हवा खाली बोर्डवर मारायचा, त्या वाऱ्यावर व्हीआरएम आपोआप थंड राहायचा. टॉवर कूलर हवा आडवी नेतो, तिथला वारा गेला. लिक्विड घेतला असता तर सॉकेटजवळ फॅनच राहिला नसता, म्हणजे अजून वाईट. टेबल फॅनने नेमकं तेच परत मिळत होतं.

आजच करण्यासारखं, फुकटात: बायॉसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या मेनूत ६५ वॅटचा इको मोड असेल तर चालू करा. नसेल तर लिमिट मॅन्युअल करून पीपीटी (एकूण वॅट) ८८, टीडीसी (सतत चालणारा करंट, अँपिअरमध्ये) ६०, ईडीसी (क्षणभराचा कमाल करंट) ९० टाका. बोर्डवर २६०० इतकाच भार येईल. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण आत्ता मधे मधे पडून जो वेळ जातोय त्यापेक्षा कितीतरी बरं.

धागाकर्ती
खूप खूप धन्यवाद, खरंच! इको मोड सापडला. पॅनल लावूनच पूर्ण एक्सपोर्ट केला, प्रोसेसर ६८, व्हीआरएम ८९ च्या वर गेला नाही, एकदाही पडला नाही. सगळे कोर ४ च्या आसपास स्थिर राहतात आणि आजची डिलिव्हरी वेळेत गेली. आता उरलेला स्पीड पण हवा असेल तर त्या चिपांवर चिकटवायचे छोटे हीटसिंक मिळतात ते लावू का?

प्रतिसाद
लावा, पण थर्मल टेप चांगली घ्या, बोर्ड उभा असतो, गरम होऊन सुटलं तर थेट ग्राफिक्स कार्डावर पडतं आणि शॉर्ट होऊ शकतं. चिपांवरच बसवा, चोकवर नाही, आणि शेजारच्या पिनांना टेकू देऊ नका. सोबत एक ८० एमएम फॅन त्या भागावर रोखून झिपटायने बांधा, खरा फरक त्यानेच पडेल. मग पीपीटी एकदम १४२ करू नका, आधी १०० करा, व्हीआरएम मॉस बघा, ९५ च्या आत राहिलं तर पुढे ११०. आणि वर चढवायची टेस्ट दुपारीच घ्या, रात्री पास झालेलं दुपारी फेल जाईल.