मदत हवी आहे: ओसाकात एक रात्र, सोबत शाकाहारी नवरा

येत्या शुक्रवारी ओसाकात आहोत, मुक्काम नांबा स्टेशनजवळ, त्यामुळे शेवटच्या ट्रेनची चिंता नाही. मी सगळं खाते. नवरा मांस-मासे खात नाही. अंडं, बिअर, साके चालतं. ज्या तेलात मांस तळतात त्याच तेलात तळलेलंही चालवून घेतो. बजेट दोघांचं मिळून ८००० येन.

काल क्योतोत एका इझाकायात (जपानी पबमध्ये) ॲपवर 'मांस नको, मासे नको' असं जपानीत दाखवलं. मालकाने मान डोलावली आणि तळलेलं तोफू आणून ठेवलं. वर कात्सुओबुशी, म्हणजे सुक्या माशाच्या पापुद्र्या, वाफेवर मस्त नाचत होत्या! खालचा रस्साही त्याच माशाच्या दाशीचा, म्हणजे मासा उकळून काढलेल्या अर्काचा. त्यांच्या लेखी तो मासा नसावाच बहुतेक. शिवाय न मागता आलेल्या ओतोशीच्या (सुरुवातीला देतात त्या छोट्या पदार्थाच्या) वाटीतही मासाच, आणि तिचे माणशी ४०० येन बिलात.

शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंटं सुचवू नका, ती सापडली आहेत. आम्हाला काउंटरवर बसून, गोंगाटात, दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं खायचंय. ओसाकाच्या शिनसेकाई भागात कुशिकात्सु, म्हणजे काडीला लावून पिठात घोळवून तळलेले तुकडे, खायचा विचार आहे. कांदा, भोपळा, कमळकाकडीच्या काड्या मिळतात. पण पिठात दाशी असते का?

'कात्सुओबुशी नुकी दे' म्हटलं की वरच्या पापुद्र्या टळतात, एवढं कळलं. तिथे राहिलेल्यांनी सांगा: रश्श्यातली आणि पिठातली दाशीही नको, हे दुकानदाराला नेमकं कळेल असं जपानी वाक्य कोणतं? आणि ओतोशी बदलून मागितलेली चालते, की उद्धटपणा वाटतो?