फँटास्टिक फोर पुन्हा वाचलंत का? तुमचं पान सांगा

परवा माळा आवरताना ट्रंकेत फँटास्टिक फोरच्या, म्हणजे चार सुपरहिरोंच्या अमेरिकन कॉमिकच्या, पहिल्या अंकाचं रीप्रिंट सापडलं. कॉलेजात असताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेलं, पिना गंजल्यात, मधल्या पानावर चहाचा डाग. एक पान बघू म्हणून शिडीवरच टेकलो आणि पंचवीसच्या पंचवीस पानं संपवूनच उतरलो, खालून बायको दोनदा विचारून गेली की अजून किती वेळ.

मूळ अंक नोव्हेंबर १९६१ चा, किंमत दहा सेंट, लेखन स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. लहानपणी मी थेट राक्षसांच्या पानावर उडी मारायचो. ह्या वेळी सुरुवातीच्या पानांवर अडकलो. रीड (ह्याचं अंग रबरासारखं ताणतं) आकाशात सिग्नल सोडतो आणि बाकीचे तिघं हातातलं काम टाकून निघतात, बस्स, एवढंच घडतं. सू मैत्रिणीकडे चहा पीत असते ती तिथल्या तिथे अदृश्य होते आणि रस्त्यात लोकांना धडकत जाते, दगडासारख्या अंगाचा बेन दुकानाचा दरवाजा फोडून बाहेर पडतो, गटारातून वर येतो तर समोरून येणारी गाडी त्याच्यावर आपटून चेपते, जॉनी, ज्याच्या अंगाला आग लागते, मित्राबरोबर गाडी दुरुस्त करत असतो ती गाडीच वितळते, मग त्याच्यामागे विमानं लागतात, तीही वितळतात, मग अणुबॉम्बचं मिसाइल सोडतात ते रीड हात लांब करून पकडतो अन् समुद्रात भिरकावतो. खलनायकाचा अजून पत्ता नाही आणि चौघं नुसते एका खोलीत जमेपर्यंत शहराची ही अवस्था! आमच्या घरी लग्नाला निघताना अगदी हेच होतं, एकाचं पाकीट राहिलेलं, एक गाडीत बसून हॉर्न वाजवतोय. म्हणूनच हे चौघं मला इतके घरचे वाटले असणार.

तर धागा ह्यासाठी. तुम्ही जुने अंक पुन्हा वाचलेत का, आणि कुठल्या पानावर थांबलात? सिनेमे नकोत, अंकाला आज काय भाव येतो तेही नको. पान सांगा, आणि ते पान तुमचं का आहे ते सांगा.

*

माझं पान सूचं. भावाचे अंक चोरून वाचायचे आणि दर वेळी चिडायचे, कारण ही बाई नुसती अदृश्य होते नाहीतर कोणाच्या तरी तावडीत सापडते. गेल्या वर्षी सगळे ओळीने वाचले तेव्हा कळलं की चिडणारी मी एकटी नव्हते. अकराव्या अंकात (फेब्रुवारी १९६३) वाचकांची पत्रं गोष्टीतच येतात, सूचा टीमला उपयोग काय असं लोकांनी विचारलंय आणि ती रडवेली झालीये. मग रीड आणि बेन तिची बाजू घ्यायला उठतात आणि उदाहरण कोणाचं देतात, तर अब्राहम लिंकनच्या आईचं! अहो, तिने स्वतः काय काय केलंय ते सांगा ना, पहिल्याच अंकात ती ह्या तिघांबरोबर रॉकेटमधे बसलेली. मनापासून बाजू घेतायत हे दिसतं पण बोलता येत नाहीये, माझ्या बाबांचं असंच व्हायचं.

पुढे बाविसाव्या अंकात (जानेवारी १९६४) तिला अदृश्य ढाल करता यायला लागते, दुसऱ्या वस्तूही अदृश्य करता येतात. तो अंक मी रात्री दीडला वाचला आणि पलंगावर उठून बसले. हळूहळू चौघांत सगळ्यात ताकदवान तीच झाली असं माझं ठाम मत आहे आणि भावाला अजून ते पटत नाही.

*

पहिल्या अंकाचं कव्हर बघा परत. हिरवा राक्षस रस्ता फोडून वर येतोय आणि रीड अंगावरच्या दोऱ्या सोडवतोय. आतल्या गोष्टीत त्या दोऱ्या कुठेच नाहीत! चाळीस वर्षं मी ते पान शोधतोय, मला वाटायचं माझ्या प्रतीतलं फाटलं असेल. तरी कव्हर जबरदस्त, आणि चौघांच्या अंगावर गणवेश नाही, तो तिसऱ्या अंकात आला.

*

मी नाशिकला फिजिक्स शिकवायचो, आता रिटायर आहे, म्हणून माझं पान रॉकेटमधलं. बेन पायलट असतो आणि तो आधीच सांगत असतो की कॉस्मिक किरणांचा (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचा) आपल्याला नीट अभ्यास नाही, जाऊ नये. सू त्याला भित्रा म्हणते, कम्युनिस्ट आपल्या पुढे जातील म्हणते. अंक दुकानात आला ऑगस्ट १९६१ मधे आणि रशियाचा गागारिन एप्रिलमधेच पृथ्वीला फेरी मारून आलेला, त्यामुळे त्या भांडणात त्या वेळची खरीखुरी घाई आहे. मग किरणं यानात घुसतात, त्यांनीच चौघांना शक्ती मिळतात, आणि कर्बी-लीनी त्यांना आवाज दिलाय, रॅक टॅक टॅक टॅक! किरणांना आवाज नसतो हे खरं, पण किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरला असतो, आणि तो थोडाफार असाच असतो. पहिल्यांदा लॅबमधे काउंटर सुरू केला तेव्हा मला हेच पान आठवलेलं.

मग वर्गात मी दर वर्षी ते पान दाखवायचो. पोरांना म्हणायचो तळहात पुढे धरा, आत्ता इथे बसल्या बसल्या साधारण सेकंदाला एक म्युऑन नावाचा सूक्ष्म कण त्यातून आरपार जातोय, वरून आलेल्या कॉस्मिक किरणांनी हवेत तयार झालेला. पोरं हात उलटे-सुलटे करून बघायची. मग सांगायचो की ह्या किरणांचा वर्षाव कसा होतो, एकातून अनेक कण कसे फुटत जातात, ते गणित १९३७ साली मांडणाऱ्या दोघांतले एक आपले होमी भाभा, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ हाइटलर. अंगाचा दगड होत नाही हो त्याने, पण अंतराळवीरांना त्या किरणांचा धोका खरोखर असतो, त्यामुळे बेनचं म्हणणं बरोबर होतं. त्याचं कोणी ऐकलं नाही आणि सगळ्यात जास्त भोगलं त्यानेच. हे मी वर्गात बोललो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

*

काका, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

आमच्याकडे गाई. कोल्हापूरकडे गाव, दारात गोठा, त्यामुळे दुसरा अंक (जानेवारी १९६२) आमच्या घरी धर्मग्रंथासारखा आहे. रूप बदलणारे स्क्रल येतात, रीड त्यांना कॉमिक्समधून कापलेली राक्षसांची चित्रं दाखवतो आणि सांगतो की हे आमच्या पृथ्वीचं सैन्य, आणि परग्रहावरून आलेलं एवढं मोठं आरमार ती बघून पळून जातं. मागे राहिलेल्यांना तो गाई व्हायला लावतो, संमोहनाने स्वतः कोण होतो तेच विसरायला लावतो, आणि शेवटी त्या कुरणात चरत असतात. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला हे वाचून दाखवलं तर तो उठला आणि गोठ्यात जाऊन आमच्या तांबडीच्या डोळ्यात बराच वेळ बघत उभा राहिला. मग परत येऊन विचारतो, बाबा, त्यांचं दूध कोणी प्यायलं तर? आणि गंमत बघा, हाच प्रश्न पुढे हे कॉमिक लिहिणाऱ्या जॉन बर्नला पडलेला, १९८३ च्या वार्षिक अंकात त्याने त्या दुधाचीच गोष्ट केली. मी पोराला ते सांगितलं तेव्हा त्याची कॉलर ताठ.

*

बरेच दिवस लिहू की नको चाललंय. माझ्या चेहऱ्यावर कोड आहे. नववीत ओठाच्या कडेला सुरू झालं, मग डोळ्याभोवती, हातावर. मी मे महिन्यात फुल शर्ट घालायचो आणि कॉलर वर करून टोपी ओढून घ्यायचो. एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने सुट्टे पैसे माझ्या हातात न देता काचेवर ठेवले, ते नाणं फिरत फिरत आडवं पडेपर्यंत मी बघत होतो, अजून तो आवाज कानात आहे.

त्याच सुमारास मावसभावाकडे हा अंक वाचला. पहिल्या अंकातला बेन कपड्यांच्या दुकानात उभा आहे, लांब कोट, हॅट, काळा चष्मा, आणि दुकानदार म्हणतो तुमच्या मापाचं काही नाही. आधीच्या कुठल्याही हिरोला मी स्वतःला लपवताना बघितलं नव्हतं, म्हणजे ते मास्क लावायचे पण ते हिरो आहेत हे लपवायला, हा चेहरा लपवतोय. मग यान पडल्यावर सू त्याच्याकडे बघून किंचाळते, ही कसली वस्तू झाली म्हणते, आणि नंतर चौघं हातावर हात ठेवतात तेव्हा तो तेच नाव घेतो, थिंग, सूने म्हटलं तेच. मी ते पान तेव्हा दहा वेळा वाचलं असेल.

पुन्हा वाचताना अजून एक दिसलं. सुरुवातीला कर्बीने त्याला नुसतं ओबडधोबड, चिखलाच्या गोळ्यासारखं काढलंय आणि मग अंक जातील तसे त्याच्या अंगावर नीट दगडाच्या चिरा येतात, भुवया येतात, डोळ्यात भाव येतात. चित्रकार त्याच्या चेहऱ्याला ओळखायला लागलाय असं वाटतं. आठव्या अंकात (नोव्हेंबर १९६२) अ‍ॅलिशिया येते, शिल्पकार आहे, दिसत नाही, ती हाताने त्याचा चेहरा चाचपते आणि दचकत नाही. माझी बायको पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने काही न विचारता माझ्या हातातला चहाचा कप घेतला, बोटं लागली, तिने बोटं काढली नाहीत. तिला मी हा अंक लग्नानंतर दाखवला.

*

वरचं वाचून डोळे भरून आले. दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

माझं छोटंसं. नववा अंक, डिसेंबर १९६२. रीडचे शेअर बाजारात पैसे बुडतात आणि फँटास्टिक फोरचं दिवाळं निघतं. जगातला सगळ्यात हुशार माणूस, आणि बिल भरायला पैसे नाहीत! मग सिनेमात काम मिळेल म्हणून चौघं रस्त्यात लिफ्ट मागत हॉलिवूडला निघतात. आमचं किराणा दुकान बंद झालं त्या वर्षी मी हा अंक वाचला, वडील दिवसभर वहीत आकडे मांडत बसायचे आणि रीडही तसाच बसलेला वाटायचा. त्यांना दाखवला तर त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, मिळालं का काम? मी म्हटलं मिळालं, पण मालक त्यांचा जुना शत्रू नेमोर निघाला. वडील कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले, आईसुद्धा आतून बघायला आली.

*

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, धागा चालू ठेवा. कोडाबद्दल लिहिलंय ते वाचून मी परत शिडी लावून ट्रंक उघडली आणि कपड्यांच्या दुकानाचं ते पान काढलं. बेन कोट टाकून निघतो आणि दारात अडकतो तेव्हा म्हणतो की ही दारं एवढी अरुंद का बांधतात. इतकी वर्षं मी त्या वाक्याला फक्त हसायचो.