मदत हवी आहे: घरातील खंडित झालेली कौटुंबिक प्रार्थना पुन्हा कशी सुरू करावी?

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंब आहोत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीवरील भजने माझ्या आजीला तोंडपाठ होती आणि रात्रीच्या जेवणाआधी शास्त्रवाचन व प्रार्थना हा आमच्या घरचा न चुकणारा क्रम होता.

आठ महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून मी रात्रपाळी करतो, आई दिवसरात्र त्यांच्या उशाशी असते, आणि रविवारच्या उपासनेला व प्रभुभोजनाला (चर्चमधील भाकर व द्राक्षारसाच्या विधीला) जाणे जवळजवळ थांबले आहे. लोक भेटायला येतात आणि "देव परीक्षा पाहतो आहे" असे म्हणून जातात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु ते वाक्य ऐकले की आई गप्प होते. मला मात्र बायबलमधील १३ वे स्तोत्र अधिक जवळचे वाटते, कारण त्यात दावीद राजा "कोठवर?" असे देवालाच विचारतो, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

ज्यांनी घरात दीर्घ आजारपण सोसले आहे, त्यांनी कृपया सांगावे: बोलता न येणाऱ्या माणसाला प्रार्थनेत कसे सामील करून घ्यावे? प्रभुभोजन घरी देण्याची विनंती पाळकसाहेबांना करताना मला उगाच संकोच वाटतो. तुमच्या मंडळीत ही व्यवस्था कशी होते? आणि थकलेल्या आईसाठी दहा मिनिटांत वाचून होतील असे कोणते उतारे निवडावेत?