चाचणीत औषध मिळेल की प्लासिबो, हे चिठ्ठीवर ठरणार असेल तर सही करावी का?

कोरी पाटी

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गेल्या वर्षी एएलएसचे निदान झाले. ज्यांना हा आजार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात, हातपाय, बोलणे, गिळणे आणि अखेरीस श्वास अशी एकेक गोष्ट हातची जाते आणि लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षे मिळतात. दादाला रिलुझोल चालू आहे. त्याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढते, याहून अधिक कुणी आम्हाला सांगितलेले नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीविषयी विचारले आणि 23 पानांचे संमतीपत्र हाती दिले. चाचणी 24 आठवड्यांची आहे. दर तीन सहभागींपैकी दोघांना औषध मिळेल आणि एकाला प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब तीच, पण आत औषधाचा अंशही नसलेली गोळी; कुणाला काय मिळाले हे ना रुग्णाला कळेल, ना डॉक्टरांना. रिलुझोल सर्वांचेच चालू राहील. मधल्या काळात तीन वेळा मणक्यातून पाणी काढतील. चौदाव्या पानावर एक वाक्य आहे, ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपल्याला व्यक्तिशः लाभ होईलच असे नाही’, आणि ते वाचल्यापासून मला झोप नाही.

ज्याच्याजवळ वेळच मोजका आहे त्याचे सहा महिने अशा चिठ्ठीवर लावणे नीतीला धरून आहे का? शिवाय विचारणारे डॉक्टर हेच दादाचे उपचार करणारे डॉक्टर आहेत आणि चाचणीचे प्रमुखही तेच आहेत, तेव्हा नकार दिला तर पुढच्या भेटीत त्यांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हेही कळत नाही. वहिनीचे मत सही करावी असे आहे, माझे मन होत नाही. आम्ही काय करावे?

खडा सवाल

माझी पत्नी याच आजाराने गेली, त्यामुळे मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कृपया ठेवू नका.

प्लासिबोचे समर्थन करणारे नेहमी विज्ञानाचा हवाला देतात, परंतु ज्याच्या शरीरावर ते विज्ञान घडते त्याचा हिशोब वेगळा असतो. 1986 साली एड्सवरील एझेडटी या औषधाची चाचणी झाली तेव्हा प्लासिबो घेणाऱ्या 137 जणांपैकी 19 दगावले आणि औषध घेणाऱ्या 145 जणांपैकी एक. हे लक्षात आल्यावर चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली, हे खरे. पण ती 19 माणसे परत आली नाहीत. त्या काळातील काही रुग्णांनी आपल्या गोळ्या प्रयोगशाळेतून तपासून घेतल्या, काहींनी औषध आपसात वाटून घेतले, आणि शिस्तप्रिय संशोधकांनी त्यांना बेजबाबदार ठरवले. मी त्यांना बेजबाबदार म्हणू शकत नाही. बुडणाऱ्यासमोर दोन दोर टाकायचे, त्यातला एक मुद्दाम कशालाच न बांधलेला ठेवायचा आणि वर त्याची सही मागायची, याला संमती म्हणत असतील तर तो शब्द फार स्वस्त झाला आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या आजारातून कुणी वाचत नाही, त्यात औषध मागेल त्याला धोक्याची पूर्ण कल्पना देऊन मिळाले पाहिजे.

आकडेमोड

मी अनेक वर्षे चाचण्यांच्या आकडेवारीवर काम केले आहे. खडा सवाल यांचे दुःख मला समजते आणि एझेडटीचे त्यांनी दिलेले आकडेही बरोबर आहेत. मात्र दोराच्या दाखल्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही: दुसरा दोर पक्का बांधलेला आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. वस्तुतः ते ठाऊक नसते म्हणूनच चाचणी असते.

याच आजाराचे उदाहरण देतो. मिनोसायक्लिन हे मुरुमांवरही देतात ते जुने, सर्वपरिचित प्रतिजैविक. एएलएस असलेल्या उंदरांत त्याचे परिणाम उत्साहवर्धक दिसले आणि औषध सहज मिळण्यासारखे असल्यामुळे ते वापरून पाहण्याचा मोह कुणालाही व्हावा असाच होता. 2007 साली 412 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक वेगाने खालावल्याचे दिसले. आता क्षणभर अशी कल्पना करा की प्लासिबोचा गटच नव्हता आणि मागेल त्याला औषध मिळाले. प्रत्येकाची प्रकृती ढासळली असती आणि प्रत्येक घरात ‘आजारच तसा आहे’ असे म्हटले गेले असते, कारण तो खरोखरच तसा आहे. औषध अपाय करत होते, हे कुणाच्याही कधीच लक्षात आले नसते. जो आजार सर्वांनाच खाली ओढतो त्यात औषधाचा अपाय आजाराच्या आड लपतो, आणि त्याला उघडे पाडायला शेजारी औषध न घेणारा गट लागतो.

दुसरे उदाहरण ताजे आहे. 137 रुग्णांवरील एका छोट्या चाचणीत आशा दिसली म्हणून 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने रेलिव्रिओ या औषधाला मान्यता दिली. रुग्णांच्या संघटनांनी त्यासाठी मोठा आग्रह धरला होता. पुढे 664 रुग्णांवर 48 आठवड्यांची मोठी चाचणी झाली आणि 2024 च्या मार्चमध्ये कळले की औषध व प्लासिबो यांत फरक नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीने ते बाजारातून मागे घेण्याचे जाहीर केले. मधल्या काळात ज्यांनी ते घेतले, त्यांच्या वाट्याला खर्च आला, कडू पुडी पाण्यात कालवून रोज पिणे आले आणि आशा आली. आशेची किंमत मला आकड्यांत मांडता येत नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

कोरी पाटी यांच्यासाठी तपशिलाची एक गोष्ट. तुमच्या दादाचे रिलुझोल चालू राहणार आहे, म्हणजे प्लासिबो मिळाला तरी त्याला आज मिळतात ते उपचार मिळतीलच; ‘औषध किंवा काहीच नाही’ अशी ही विभागणी नाही. माणसांवरील संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आणि त्याच्या नंतरच्या सुधारणांत प्लासिबोवर ज्या मर्यादा आहेत, त्यांचा रोख मुख्यतः सिद्ध झालेला उपचार रोखून धरण्यावर आहे. येथे तसे दिसत नाही. चाचणीवर देखरेख करणारी स्वतंत्र समिती आहे का आणि कोणत्या परिस्थितीत चाचणी मध्येच थांबवली जाईल, हे मात्र अवश्य विचारा.

तिऱ्हाईत

मी डॉक्टर नाही. एका नैतिकता समितीवर सामान्य माणसांचा प्रतिनिधी म्हणून काही वर्षे होते आणि माझे काम बहुतांशी अशी संमतीपत्रे वाचून ‘हे मला कळले नाही’ असे म्हणण्याचे होते.

माझा अनुभव असा की प्लासिबोवर वाद पुष्कळ होतो, पण खरी फसगत त्याच्या अलीकडेच होऊन गेलेली असते. चाचणी म्हणजे उपचाराचाच एक प्रगत प्रकार आहे असे रुग्णाला वाटत असते, आणि ते वाटू देणे सर्वांच्याच सोयीचे असते. 1982 साली अमेरिकेतील काही मनोविकारतज्ज्ञांनी या समजुतीला ‘उपचाराचा भ्रम’ अशा अर्थाचे नाव दिले. उपचारात डॉक्टर एका माणसाकडे पाहून मात्रा कमी-जास्त करतात, औषध बदलतात. चाचणीत मात्रा आराखड्याप्रमाणे चालते, गट चिठ्ठीने ठरतो आणि मणक्यातून काढलेले पाणी दादाच्या उपचारासाठी नसते, ते पुढच्या रुग्णांसाठी असते. चौदाव्या पानावरच्या ज्या वाक्याने तुमची झोप उडाली, ते त्या 23 पानांतील सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. ते पहिल्या पानावर हवे होते, एवढीच माझी तक्रार.

याबाबत 2002 साली प्रसिद्ध झालेला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा एक अभ्यास मी समितीत पुन्हा पुन्हा सांगत असे. त्यात काही रुग्णांच्या गुडघ्यावर केवळ छेद घेऊन टाके घालण्यात येणार होते, आत काहीच करण्यात येणार नव्हते. संशोधकांनी सहीवर भागवले नाही. प्रत्येक रुग्णाला आपल्या कागदपत्रांत स्वतःच्या हाताने लिहावे लागले, की आपल्याला केवळ प्लासिबो शस्त्रक्रिया मिळू शकते आणि तिचा आपल्या गुडघ्याच्या दुखण्याला उपयोग होणार नाही, हे आपल्याला समजले आहे. विचारलेल्या 324 जणांपैकी 144 जणांनी नकार दिला. समितीतील एका सदस्यांना हे अपयश वाटे, कारण इतके रुग्ण हातचे गेले. मला मात्र त्या 144 नकारांमुळेच उरलेल्या 180 होकारांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

डॉक्टरांच्या दुहेरी भूमिकेविषयी तुम्हाला वाटणारा संकोच रास्त आहे आणि तो तुमचा एकटीचा नाही. रुग्ण संशोधकावर अवलंबून असेल, तर त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने संमती घ्यावी, असे हेलसिंकी जाहीरनामाच सांगतो. तुम्ही तशी मागणी करू शकता आणि त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. नकार दिल्यास किंवा मध्येच बाहेर पडल्यास चालू उपचारांत फरक पडणार नाही, हे संमतीपत्रात असायलाच हवे. नसेल तर तेथेच थांबा. चाचणी संपल्यावर औषध उपयोगी ठरले तर प्लासिबो घेतलेल्यांना ते मिळेल का, कधी आणि कुणाच्या खर्चाने, हेही लेखी घ्या.

आणि एक गोष्ट जरा कठोर वाटेल, पण लिहिते. आपल्या प्रश्नात ‘वहिनीचे मत’ आहे, ‘माझे मन’ आहे आणि ‘आम्ही काय करावे’ आहे. दादांचे मत नाही. माणसांवरील प्रयोगांचे नियम घालून देणाऱ्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिले कलम ज्या माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक मानते, तो माणूस तुमच्या घरात आहे. ओठ आणि बोटे साथ देत नाहीत म्हणून कुणाचा निर्णय कुटुंबाकडे जात नाही.

खडा सवाल

मिनोसायक्लिनचे मला ठाऊक नव्हते. आकडेमोड यांचा मुद्दा मी मान्य करतो. पत्नीसाठी मी त्या काळी काय काय मिळवायच्या खटपटीत होतो, हे आठवून आज जरा अस्वस्थही झालो.

पण माझ्या रागाचे मूळ कदाचित मी चुकीच्या जागी दाखवले. तिला प्लासिबो मिळाला नव्हता. फुप्फुसांची क्षमता चाचणीच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी भरली म्हणून तिला चाचणीतच घेतले नाही. फुंकरीच्या त्या नळीत तिने तीन वेळा जीव तोडून श्वास सोडला आणि तिन्ही वेळा आकडा खालीच राहिला. ज्यांची प्रकृती तुलनेने बरी त्यांना निदान चिठ्ठी तरी मिळते. ज्यांची अधिक बिघडली त्यांना तीही नाही. ज्यांना चाचणीचे दार बंद आहे, अशांना ते औषध चाचणीबाहेर, नोंदी ठेवून द्यावे, यात विज्ञानाचे काय बिघडते? मोठ्या संख्येने रुग्ण चाचणी सोडून तिकडे वळतील ही भीती येथे लागूच होत नाही, कारण त्यांना चाचणीत यायची मुभाच नाही.

आकडेमोड

या मुद्द्यावर माझे आपल्याशी दुमत नाही. अशी सोय काही चाचण्यांना जोडून असते, परंतु औषधाचा साठा आणि खर्च कंपनीच्या मर्जीवर राहतो. कोरी पाटी यांनी श्वासाच्या मर्यादेची चौकशी लवकर करावी. विचार करण्यात दोन महिने गेले तर निर्णय घेण्याआधीच तो हातचा जायचा.

कोरी पाटी

सर्वांचे आभार. तिऱ्हाईत, आपले शेवटचे वाक्य वाचून मला आधी राग आला आणि मग मी दादाच्या खोलीत गेले.

त्याचे बोलणे आता फार अस्पष्ट आहे, म्हणून तो फोनवर उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतो; एका वाक्याला दोन-तीन मिनिटे लागतात आणि मधले शब्द आपण पुरे करायला गेलो की तो चिडतो. मी संमतीपत्र उघडले तर चौदाव्या पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता. वहिनीकडून पाने उलटून घेऊन त्याने सगळे वाचले होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात वाद घालत होतो तोही ऐकला होता. त्याने टाइप केले, ‘प्लासिबोचे मला चालेल. कण्यात सुई तीनदा नको. दोनदा चालेल का विचार.’ नाही म्हणाले तर काय, असे मी विचारले. ‘मग बघू.’

उपचार करणाऱ्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्या कुणी संमतीची चर्चा करावी, अशी विनंती केली आहे. गुरुवारी एक डॉक्टर आणि एक समन्वयक येणार आहेत. फुप्फुसांची तपासणीही त्याच दिवशी आहे. दादाच्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही: काढलेल्या पाण्यातले जे उरेल ते किती वर्षे ठेवतात आणि दुसऱ्या कुणाच्या संशोधनाला देतात का?

तिऱ्हाईत

पुष्कळदा ते गोठवून वर्षानुवर्षे ठेवतात आणि नाव काढून, केवळ क्रमांक लावून, इतर संशोधकांना देतातही. भावी संशोधनासाठी नमुने ठेवण्याची संमती बहुधा वेगळी मागितली जाते, संमतीपत्राच्या अखेरच्या पानांवर ‘होय’ आणि ‘नाही’ अशा चौकटी असतात. तेथे ‘नाही’वर खूण करूनही मुख्य चाचणीत राहता येते का, हे गुरुवारी विचारा. पुढे विचार बदलला तर उरलेला नमुना नष्ट करायला सांगता येतो, पण तोवर त्यातून निघालेली माहिती सहसा परत घेता येत नाही, हेही दादांना आधीच सांगा. सुईच्या बाबतीत, तिसऱ्या वेळचा नमुना ऐच्छिक आहे की आराखड्यात अनिवार्य आहे, ते समन्वयकाला आराखडा उघडून दाखवायला सांगा. आणि दादांना टाइप करायला लागेल तेवढा वेळ त्या बैठकीत राखून ठेवावा, असे आजच कळवून ठेवा.