ट्रेलर ओढायला जुनी डिझेल फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी गाडी): काय तपासायचं?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): मालासकट सव्वा टनाचा दोनचाकी ट्रेलर आहे. महिन्यातून दोनदा कसारा घाट. जुनी स्कॉर्पिओ की बोलेरो कॅम्पर?

उत्तर १: दादा, मॉडेलपेक्षा क्लच आणि गिअरबॉक्स बघा. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक, चालत राहिलं तर क्लचप्लेट घसरतेय. गरम इंजिनचं ऑइल-झाकण उघडा. थोडी वाफ चालते, फकफक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

उत्तर २: फोर बाय फोर मातीतच तपासा. डांबरावर फोर बाय फोर जोडून वळलात तर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) येतो. दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही! मागची चाकं भुसभुशीत मातीत ठेवून लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) सोडा, पुढची ओढतात का ते कळेल. डिफरन्शियलचं (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) ऑइल बोटावर घ्या, चमचमता चुरा दिसला तर गाडी सोडा.

उत्तर ३: हिचजवळची (ट्रेलर जोडायची कडी) चासी, म्हणजे गाडीची लोखंडी चौकट, खालून बघा; नवा काळा रंग असेल तर खरवडून, खाली गंज किंवा तडे लपवलेले असू शकतात. आणि भाऊ, हिचवर वजन साधारण दहा टक्के, म्हणजे सव्वाशे किलो ठेवा. कमी असलं की ट्रेलर शेपटी हलवतो. घाट उतरताना खालचा गिअर आधीच टाका. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत ना?