आउटबॅकमध्ये एकच गाडी आणि आम्ही दोघे: सिम्प्सन की ऊडनाडाटा?

मुलुंडवासी:
नमस्कार. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये, मुंबईत पाऊस ऐन भरात असताना, मी आणि माझे यजमान ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून भाड्याची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन तंबूत मुक्काम करीत आउटबॅकमध्ये, म्हणजे तिथल्या विरळ वस्तीच्या रखरखीत अंतर्भागात, फिरण्याचा विचार करीत आहोत. स्पितीपर्यंत आम्ही स्वतः गाडी चालवत गेलो आहोत, त्यामुळे कच्च्या रस्त्यांची भीती नाही. यजमानांना माउंट डेअरकडून बर्ड्सव्हिलपर्यंत सिम्प्सन वाळवंट पार करायचे आहे. मला मारी गावाहून मार्लाला जाणारा ऊडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ता पुरेसा वाटतो. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

वाळूवेडा:
ताई, सिम्प्सनचा बेत या वेळी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वाळूच्या अकराशेहून अधिक टेकड्या एकीमागून एक आडव्या येतात आणि माउंट डेअर सोडल्यावर बर्ड्सव्हिल येईपर्यंत पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरात कोठेही इंधन मिळत नाही. त्यात मऊ वाळूत गाडी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त डिझेल पिते. स्पितीत गाडी बंद पडली तर थोड्या वेळाने एखादा ट्रक येतोच, येथे मात्र तसा भरवसा धरता येत नाही आणि रुतलेली एकटी गाडी ओढायला दुसरी गाडी नसते. गाडी खरोखरच मोडली, तर ती बाहेर काढण्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. शिवाय भाड्याच्या बहुतेक करारांत सिम्प्सनला मनाईच असते. ऊडनाडाटासाठीसुद्धा कच्च्या रस्त्याची परवानगी लेखी घ्यावी. काउंटरवरच्या माणसाने तोंडी हो म्हटले, एवढ्यावर विसंबू नये. यजमानांची हौस मोठी असेल, तर पुढे कधीतरी तीन-चार गाड्यांच्या ताफ्याबरोबर जावे.

जुनी वाट:
ऊडनाडाटाला दुय्यम समजू नये. सुमारे ६२० किलोमीटरची ही वाट तेथूनच का गेली, याचे उत्तर जमिनीखाली आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन या जमिनीखालच्या प्रचंड जलसाठ्यातले पाणी या पट्ट्यात झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्या झऱ्यांच्या आधाराने आधी आदिवासींच्या व्यापारवाटा पडल्या, त्याच आधाराने १८५९ नंतर जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा संशोधक-प्रवासी उत्तरेकडे सरकला, १८७२ मध्ये तारायंत्राची लाइन पूर्ण झाली आणि पुढे वाफेच्या इंजिनांना पाणी लागते म्हणून ‘घान’ नावाची रेल्वेही येथूनच नेली गेली. १९८० मध्ये रेल्वे पश्चिमेकडच्या नव्या मार्गावर गेली, पण अल्जेबकिना येथील रेल्वेचा जुना लोखंडी पूल अजून उभा आहे. कावर्ड स्प्रिंग्जला मुक्काम करावा. जवळच ‘बबलर’ नावाचा झरा वाळूतून बुडबुडे काढत असतो.

मुंबईकरांना आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटावे. या मुलखात सामान वाहणारे उंट आणि त्यांचे सारवान मोठ्या संख्येने कराची बंदरातून गेले, आणि त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. मारी ही त्या उंटवाल्यांची मोठी वस्ती होती.

कटी थांडा म्हणजेच लेक आयर या सरोवराचे खारे पात्र समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे. वाटेवरच्या थांब्यावरूनच ते पाहावे, त्यात गाडी घालू नये.

बोरिवलीची भटकी:
वरील दोघांशी सहमत आहे. आपण मुंबईकर थंडीला कमी लेखतो. जुलैत तेथे रात्री पारा शून्याजवळ जातो, म्हणून तंबू साधा चालेल, पण स्लीपिंग बॅग मात्र उत्तम घ्यावी. टायरमधली हवा डांबरी रस्त्यावर ३८ पीएसआयच्या आसपास असेल, तर खडीच्या रस्त्यावर २६ ते २८ पर्यंत उतरवावी आणि वेगही उतरवावा, कारण मऊ टायर वेगाने तापतो. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि दोन स्टेपन्या सोबत असाव्यात. इंधन मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे, म्हणजे साधारण दर दोनशे किलोमीटरवर मिळते. जेथे मिळेल तेथे टाकी भरावी. सायंकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे ऊन उतरण्यापूर्वीच मुक्कामाला पोहोचावे. थोडासा पाऊस पडला तरी रस्ता बंद होतो, आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड बसतो. डाळ, तांदूळ, मसाले ॲडलेडला विकत घ्यावेत. घरून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो.

मुलुंडवासी:
सर्वांचे आभार. यजमानांनी वाचून “बरं” एवढेच म्हटले आहे, म्हणजे ऊडनाडाटा ठरले. तेथे मोबाइल चालेल का, की येथूनच सॅटेलाइट फोन न्यावा?

वाळूवेडा:
मोबाइलला रेंज वस्त्यांच्या आसपासच मिळते. सॅटेलाइट फोन मात्र येथून नेऊ नये आणि तेथे विकत घेऊन परतही आणू नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे बेकायदा आहे. ॲडलेडला भाड्याने घ्यावा, जोडीला पीएलबी हे संकटाचा संदेश उपग्रहाकडे पाठवणारे छोटे यंत्रही घ्यावे, आणि भारतात परतण्यापूर्वी दोन्ही वस्तू परत कराव्यात. गाडी बंद पडल्यास मदतीच्या शोधात चालत निघू नये. सावली आणि पाणी गाडीपाशीच असते आणि शोधणाऱ्यांना विमानातून माणसापेक्षा गाडीच लवकर दिसते. त्यासाठी माणशी रोजचे दहा लिटर पाणी धरून, काही जादा दिवसांचा साठा ठेवावा.