विशेष शिक्षणाचे नियोजन : पालकांनी कशाची तयारी ठेवावी?

मुलाचे निदान हाती आले की उपचार सुचवणारे पुष्कळ भेटतात, परंतु पुढील दहा-बारा वर्षांच्या शिक्षणाची आखणी कशी करावी, हे बहुधा त्या वाटेने आधी गेलेल्या पालकांकडूनच कळते. शाळेची निवड, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आपण सगळे ज्याला आयईपी म्हणतो तो, दाखले आणि परीक्षेतील सवलती यांविषयी आपले अनुभव कृपया लिहावेत. शाळेचे व डॉक्टरांचे नाव टाळावे.

स्वमग्न मुलाची आई, पुणे
आमच्या पहिल्या आराखड्यात ‘संवादकौशल्य सुधारणे’ असे उद्दिष्ट होते. सुधारणा झाली हे ठरवणार कसे, असे मी विचारल्यावर विशेष शिक्षिकेने माझ्यासमोरच ते खोडून लिहिले : ‘पाणी हवे असल्यास चित्रकार्ड देऊन मागेल, पाचपैकी चार वेळा, कोणी हात न धरता.’ तेच कार्ड घरी फ्रिजवर लागले आणि त्याने मागितल्याशिवाय पेला पुढे करायचा नाही, हे आजीलाही सांगावे लागले. (नातवाला तहानलेला पाहणे त्या बिचारीला फार जड गेले.) आराखडा असा मोजता येण्याजोगा लिहून घ्यावा, त्यावर तारीख असावी, दर तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहिला जावा आणि त्या बैठकीला स्पीच (बोलणे शिकवणारे) व ऑक्युपेशनल (रोजच्या कृतींचा सराव घेणारे) थेरपिस्टांनाही बोलावण्याचा आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी शिक्षिका, ठेवावी लागली, तर तिचा पगार बहुतेक वेळा पालकांनाच द्यावा लागतो हे गृहीत धरा. तिची मदत टप्प्याटप्प्याने कशी कमी होईल, हेही आराखड्यातच येऊ द्या.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचे वडील, ठाणे
वरच्या ताईंचे म्हणणे पटले. आमच्याकडे मात्र मुख्य प्रश्न दाखल्याचा होता. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाण्याचे, प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही. त्यापूर्वी डोळे व कान तपासले जातात, बुद्ध्यांक काढला जातो, मगच वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात, आणि सरकारी रुग्णालयात या प्रत्येक टप्प्याला वेगळी तारीख पडते. चौदाव्या वर्षी प्रमाणपत्राचे नूतनीकरण असते; ते नेमके दहावीच्या तोंडावर येते, म्हणून आठवीतच हालचाल सुरू करावी. परीक्षा मंडळाकडे सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. जादा वेळ तासाला २० मिनिटे मिळतो, लेखनिकही मिळतो. पण भूमितीची आकृती दुसऱ्याला तोंडी सांगून काढून घेणे ही वेगळीच विद्या आहे, त्यामुळे लेखनिकासह सराव निदान सहामाहीपासून हवाच.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलीची आई, सातारा जिल्हा
आमच्या तालुक्यात विशेष शाळा नाही. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाते आणि समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक अधूनमधून येतात; त्यांच्याकडे शाळा अनेक असल्याने रोजची अपेक्षा ठेवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे मुख्याध्यापकांना लेखी अर्जात कळवल्यावर तिचा वर्ग तळमजल्यावर आला. तोंडी विनंत्या त्याआधी वर्षभर चालूच होत्या!

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचे वडील, नागपूर
आमची मुलगी आता सज्ञान आहे, म्हणून थोडे पुढचे लिहितो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) पर्याय आम्हाला सोयीचा ठरला, कारण तेथे विषय निवडता येतात आणि एकेक करून देता येतात. मात्र चौदा-पंधरा वर्षांनंतर आराखड्यातील पुस्तकी भाग कमी करून सुटे पैसे मोजणे, बसचा फलक ओळखणे, स्वयंपाकघरातील कामे यांना अधिक तास द्यावेत, असे मला वाटते. शाळा हे आपण होऊन सुचवतीलच असे नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांनाच लागू आहे, त्यामुळे ठाण्याच्या दादांना त्याची गरज नाही. पुणे व साताऱ्याच्या ताईंनी मात्र कागदपत्रे सतराव्या वर्षीच गोळा करावीत.